खोक्यात अडकलेले शंभर दिनार

आधीच सांगते, माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी नीट समजलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. जी कुणी हे वाचेल, बहुतेक माझी मुलगीच, तिने चुका पोटात घालाव्यात. फोनवर मला एवढं सगळं बोलता येत नाही. आमच्या खोलीत मी बोलायला लागले की कुणीतरी शेजारी येऊन बसतं, भाषा कळत नसली तरी मान डोलावतं आणि मला विचारतं, "काय झालं? घरी सगळे बरे ना?" म्हणून लिहिते. वहिनींच्या मुलाची अर्धी कोरी वही मिळाली आहे.

बहारीनला मी माहूजमध्ये एका मराठी घरात स्वयंपाक करते. साहेब सीफला ऑफिसात हिशेबाचं काम बघतात, वहिनी पुण्याच्या. पहिली काही वर्षं मी त्यांच्याकडेच झोपत होते. मग मुलं मोठी झाली, दोघांना वेगवेगळी खोली पाहिजे झाली, तेव्हा वहिनींनी दोन बिल्डिंग सोडून पलीकडे मला एक खाट बघून दिली.

"मावशी, त्या मुली स्वच्छ आहेत. फिलिपिनो आहेत. तुम्हाला काही त्रास नाही व्हायचा," त्या म्हणाल्या.

वहिनींनी त्या घरात एक दिवसही काढलेला नाही.

आतल्या खोलीत दोन खाटा. एक माझी, दुसरी माझ्या शेजारणीची. ती अदलियाला एका सलूनमध्ये बायकांचे केस आणि नखं करते. बाहेरच्या खोलीत आणखी तिघी, तिघीही मॉलमध्ये कामाला. त्यातली एक वयाने मोठी आहे, कॅश काउंटरवर बसते, तिचा शब्द बाकीच्या मानतात. तिला मी थोरली म्हणेन. कुणाचं नाव लिहीत नाही. त्या मला "आते" म्हणतात, त्यांच्यात मोठ्या बहिणीला तसं म्हणतात. आमचं बोलणं थोडं इंग्रजी, थोडं हिंदी, मधे अरबी, असं चालतं. इथे मी ते सगळं मराठीतच लिहिते, नाहीतर मलाच वाचता यायचं नाही.

त्यांचा देश मी पाहिलेला नाही. पण तिसऱ्या मजल्यावर दोन वर्षं त्याच देशात राहते आहे असं मला वाटतं, आणि खरं सांगू, दमून गेले आहे.

पहिली गोष्ट जेवण. त्यांच्यात कुणी एकटं जेवत नाही. ताटात दोन घास असले तरी समोरून जाणाऱ्याला "ये, जेव" म्हणायचंच. मी संडासातून बाहेर आले तरी म्हणतात, "आते, ये, जेव." आपण नको म्हटलं की पुन्हा म्हणतात. तिसऱ्यांदा नको म्हटलं की एवढंसं तोंड करतात. सुकी मासळी मला नवी नाही, मी मालवणकडची आहे. चिंच घातलेलं त्यांचं आंबट सार तर मला आवडलं. पण शेवयांसारख्या त्या इटालियन नूडल्समध्ये साखर आणि सॉसेज घालून लाल गोड काहीतरी करतात, ते खायची वेळ आली की मला रडू येतं. त्यात तिखटाचा कण नसतो. मी एकदा गुपचूप माझ्या ताटात मालवणी मसाला घातला. चौघी बघत राहिल्या, मग चौघींनी मागितला, मग चौघी खोकल्या, आणि माझी महिनाभराची बरणी संपली.

दुसरं गाणं. त्यांच्याकडे गाण्याचं एक यंत्र आहे. टीव्हीवर शब्द येतात, माईक धरून गायचं, शेवटी यंत्र मार्क देतं. शुक्रवारी सुट्टी, म्हणजे गुरुवारी संध्याकाळपासून सुरू. माझी शेजारीण रडकं गाणं हसत गाते. कमी मार्क पडले की पुन्हा तेच गाणं गाते.

तिसरं, ओल्या केसांनी झोपू देत नाहीत. डोळे जातात म्हणे, वेड लागतं म्हणे. दिवसभर फोडणीजवळ उभं राहिल्यावर माणूस रात्री आंघोळ करून पडणार नाही तर काय करणार? शेजारीण उठून माझे केस पुसायला बसते. मी अंग चोरून घेते, तरी पुसते.

आणि चौथं, ज्याच्यावरून हे सगळं झालं, त्या "नाही" म्हणत नाहीत. काहीही विचारा, हसतात आणि भुवया वर करतात. भुवया वर म्हणजे हो. पण ते हो कधीचं, आजचं की पुढच्या वर्षीचं, ते विचारायची सोय नाही. पुन्हा विचारलं की पुन्हा हसतात.

डिसेंबरात त्यांच्या देशात वादळ झालं आणि माझ्या शेजारणीच्या आईच्या घराचे पत्रे उडाले. तिने मला फोनवर दाखवलं. म्हातारी छत्री धरून चुलीपाशी बसली होती, आणि तीही हसत होती. माझ्याकडे शंभर दिनार होते. मुलीच्या नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या फीचे, वर्षभर बाजूला टाकलेले. तिचे वडील गेल्यापासून ती मामाकडे राहून शिकते. मामाने जागा दिली, पैसे मी पाठवायचे, असं ठरलेलं आहे. फी जुलैअखेर भरायची होती. नाही भरली तर वर्ष जाणार. शेजारीण म्हणाली, फेब्रुवारीत देते. मी दिले. तिने माझा हात आपल्या कपाळाला लावला, त्यांच्यात मोठ्यांच्या पाया पडणं ते तसंच, मला कसंतरीच झालं.

फेब्रुवारी आला आणि खोलीत खोका आला.

हा खोका काय असतो ते आधी सांगायला पाहिजे. एवढा मोठा पुठ्ठ्याचा खोका, आपल्याकडे फ्रीज येतो तसा. तो खोलीच्या कोपऱ्यात उघडा ठेवायचा आणि महिनोनमहिने त्यात वस्तू टाकायच्या. साबण, शॅम्पू, टॉवेल, चॉकलेट, मटणाचे डबे, दुधाची पावडर, बूट. बुटांच्या आतसुद्धा साबण भरायचे, जागा वाया घालवायची नाही. सप्टेंबरात तो बोटीने निघतो आणि नाताळपर्यंत घरी पोचतो. त्यातलं आईला, भावांना, भावांच्या मुलांना, शेजाऱ्यांना, शाळेतल्या बाईंना, चर्चची झाडलोट करणाऱ्यालासुद्धा. मी विचारलं, त्याला कशाला? ती म्हणाली, "आते, तो मला ओळखतो ना."

मी कामावरून यायची आणि खोक्यात बघायची. आज चार टॉवेल. म्हणजे माझ्या शंभरातले दोन दिनार गेले. आज चॉकलेटचं मोठं पाकीट. आज कुणाच्या तरी बारशाचा फ्रॉक. माझी मुलगी काय शिकणार ते त्या खोक्यात थोडं थोडं भरून चाललंय असं मला वाटायचं. झोपताना तोंड त्या कोपऱ्याकडे व्हायचं म्हणून मी कूस बदलून झोपायला लागले.

तोंडावर मागणं माझ्याच्याने होत नाही. वाण्याकडे सुटे पैसे मागतानासुद्धा माझी जीभ चिकटते. म्हणून मी आडून आडून बोलले.

"माझ्या मुलीची फी जवळ आली," मी म्हणाले.

"कितवीत आहे आता?"

"नर्सिंग. दुसरं वर्ष."

"नर्स." ती टाळ्या वाजवत उठली. "आमच्यातल्या किती जणी नर्स आहेत. तू भाग्यवान आहेस, आते." आणि दुसऱ्या दिवशी तिने मला हाताला लावायच्या क्रीमची बाटली आणून दिली. मुलीसाठी. नर्सचे हात धुऊन धुऊन कोरडे पडतात म्हणून.

मी ती बाटली घेऊन किती वेळ खाटेवर बसले होते. ती क्रीम घेऊन कॉलेजच्या फीच्या खिडकीत उभी राहील का माझी मुलगी?

मे महिन्यात पुन्हा विषय काढला. म्हणाले, तिथे पावसाआधी सगळे पैसे भरून घेतात. ती म्हणाली, हो, आमच्याकडेही तसंच. जूनमध्ये मी नुसती फीची तारीख फोनवर दाखवली. भुवया वर. हसू.

वहिनींना पोळ्या लाटताना सांगितलं, कारण डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि कांदा चिरत नव्हते.

"मावशी, तुम्ही सरळ मागत का नाही?"

"मागितले."

"काय म्हणालात?"

"फी जवळ आली म्हणाले."

"हे मागणं झालं?" वहिनी कपाळाला हात लावून म्हणाल्या. "मी बोलू का तिच्याशी?"

"नको. तुम्ही बोललात तर ती घाबरेल."

"मग घाबरू दे की."

शेजारी मुलगा जेवत होता. त्याला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. तो वहिनींना म्हणाला की मावशींनी तिचा खोकाच विकून टाकावा. वहिनी त्याला रागावल्या, पण मला तो पर्याय रात्रभर आठवत राहिला.

मग जुलै आला आणि माझ्या शेजारणीचा वाढदिवस. त्यांच्यात ज्याचा वाढदिवस त्यानेच सगळ्यांना जेवू घालायचं. मी ऐकलं तेव्हा मला वाटलं, आता तरी ती म्हणेल की या वर्षी नको. पण तिने चिकन आणलं, केक आणला आणि मोठं पातेलं भरून लांब नूडल्स केल्या. त्या नूडल्स कापायच्या नाहीत, कापल्या तर आयुष्य कमी होतं. सलूनमधल्या चौघी आल्या, मॉलमधले काही आले, सगळे खाटांवर बसले. माझ्या खाटेवर पाच जणी. खोक्यावर एक पत्र्याचा ट्रे ठेवून त्यावर केक.

आमच्या गावात कुणाचं कुणाकडे काही राहिलं तर देवळात गावकरी बसतात तेव्हा ते सांगायचं. एकट्याने एकट्याला दारात जाऊन मागितलं तर भांडण म्हणतात. चार माणसांत, मान खाली घालून, एकदाच सांगितलं तर त्याला गाऱ्हाणं म्हणतात आणि त्यात कुणाचा अपमान नसतो. समोरचा उलट बरं मानतो, की पाठीमागे बोलली नाही. मला दोघींत बोलता येत नाही, पण चार माणसांत खाली बघून बोलून टाकता येईल असं मला त्या दिवशी वाटलं. केक कापून झाला होता. सगळे गप्प खात होते. मी उभी राहिले.

"माझ्या मुलीच्या फीचे शंभर दिनार हिच्याकडे आहेत," मी म्हणाले. "डिसेंबरात दिले होते. या महिन्यात फी भरायची आहे. सगळ्यांसमोर सांगते. मला ते परत पाहिजेत."

मी मान वर केली तेव्हा कुणीच माझ्याकडे बघत नव्हतं. सगळे ताटाकडे बघत होते. सलूनमधली एक नूडल्स तोंडातून खाली लोंबत तशीच बसली होती. माझी शेजारीण हसली. ते हसू मी आधी कधी पाहिलं नव्हतं. मग ती उठून मोरीत गेली आणि किती तरी वेळ नळ वाहत राहिला. पाहुणे एकेक करून गेले. जाताना प्रत्येकाने मला "थँक्यू, आते" म्हटलं, आणि कागदी प्लेटमध्ये केक बांधून नेला.

त्यानंतर ती माझ्याशी बोलेना. भांडली असती तर बरं झालं असतं. आमच्याकडे भांडतात, दोन दिवस आवाज होतो, मग संपतं. ही एक शब्द बोलेना, आणि तरी माझ्यासाठी भात झाकून ठेवी. मी आल्यावर लाइट लावी. केस ओले असले तर टॉवेल माझ्या उशीवर ठेवून पाठ फिरवून झोपे. मला वाटे, बाई, एक शिवी दे, पण हे असं नको. आमच्या खाटांमध्ये एक हात अंतर आहे. त्या एका हातात मी असे पंधरा दिवस काढले की मला घरी जायला नको वाटायचं. वहिनींकडे उगाच भांडी पुन्हा घासत बसायचे.

शेवटी थोरलीने मला जिन्यात गाठलं.

"आते, तू असं का केलंस?"

"माझे पैसे आहेत."

"पैसे तुझेच आहेत. पण लोकांसमोर? वाढदिवसाला?"

"आमच्यात लोकांसमोरच सांगतात. त्यात वाईट नसतं."

"आमच्यात त्याहून वाईट दुसरं नसतं," ती म्हणाली. "तोंड कसं दाखवायचं माणसाने? सलूनमध्ये सगळ्यांना कळलं. तुला पाहिजे होते तर मला सांगायचंस. मी तिला सांगितलं असतं. अशा गोष्टी मधल्या माणसाने बोलायच्या असतात."

"हे मला दोन वर्षांत कुणी सांगितलं का?"

"तू विचारलंस का?"

मला तिचाही राग आला. एका हाताच्या अंतरावर झोपणाऱ्या बाईशी बोलायला मधे माणूस घालायचा, हे कुणाला सुचेल? आणि विचारायचं तरी काय? अजून तुमच्यात काय काय आहे जे मला माहीत नाही, असं?

पण मी थोरलीला सांगितलं. जुलै संपत आला होता. मी म्हणाले, शंभर दिनार, महिनाअखेरच्या आत. थोरली आत गेली, माझ्या शेजारणीच्या खाटेवर बसली आणि त्यांच्या भाषेत हळू बोलली. मी माझ्या खाटेवर बसले होते. मला सगळं ऐकू येत होतं, कळत काही नव्हतं. मग थोरली उठली, दोन पावलं चालून माझ्या खाटेवर बसली.

"ती म्हणते, खोका तर पाठवावाच लागेल. आईला सांगून ठेवलंय."

"खोक्याचं मी काही बोललेच नाही."

थोरली पुन्हा तिकडे गेली. पुन्हा इकडे आली.

"ती म्हणते, तू रोज खोक्याकडे बघतेस."

"बघू नये तर काय करू? माझ्या खाटेसमोर आहे तो."

पुन्हा तिकडे. तिकडे कुणीतरी हसल्यासारखं झालं, मग दाबलं. पुन्हा इकडे.

"ती म्हणते, तिची भिशीची पाळी डिसेंबरात आहे. तेव्हा सगळे देईल."

भिशी म्हटल्यावर मी सरळ बसले. त्यांच्यातही भिशी असते, वेगळ्या नावाची. सहा जणी दर महिन्याला पैसे टाकतात, पाळीपाळीने एकीला मिळतात. वहिनींच्या बिल्डिंगमधल्या बायकांची असते तशीच. एवढी भिशी कळणारी माणसं, मग सहा महिने माझ्यासमोर भुवया कशाला वर करत बसली?

"या महिन्याची पाळी कुणाची?" मी विचारलं.

थोरली म्हणाली, "माझी."

"मग तिची आणि तुझी बदला."

हे मी तोंडावर बोलले. कसं बोलले ते माझं मला कळलं नाही. थोरलीने त्या पैशांतून दात बसवून घ्यायचे ठरवले होते, ते मला नंतर कळलं. तेव्हा मात्र ती उठली. तिकडे गेली, बराच वेळ बसली. माझी शेजारीण रडायला लागली. मला वाटलं आता संपलं, आता थोरलीच्याही आईचं काहीतरी निघेल. पण थोरली येऊन म्हणाली, "बदलते. माझे दात डिसेंबरात. पण तू एक कर. सलूनमध्ये तिची इज्जत गेलेली आहे, ती तू भरून दे."

"ती कशी भरायची?"

"तिथल्या बायकांना घरी बोलाव. जेवायला. म्हणजे सगळ्यांना दिसेल की तुम्ही दोघी एकत्र आहात."

मला हे मुळीच पटलं नाही. पैसे माझे अडकले आणि जेवण मीच घालायचं? वहिनींना सांगितलं तर त्या हसत सुटल्या आणि दोन कोंबड्या घेऊन दिल्या. मी वडे केले, कोंबडीचं सुकं केलं, तिखट निम्म्याहून कमी घातलं. सलूनच्या चौघी आल्या. माझी शेजारीण माझ्या शेजारी बसली, कारण बसायलाच पाहिजे होतं. सगळ्यांसमोर तिने माझ्या ताटात वडा वाढला. मी तिच्या वाटीत रस्सा वाढला. बायका "व्हेरी गुड, आते" म्हणत राहिल्या आणि उरलेले वडे बांधून घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी थोरलीने मला भिशीचे पंचाहत्तर दिनार आणून दिले. मी तसेच पाठवले. मुलीने उरलेल्या पंचवीसची सोय मामाकडून केली आणि फी भरली. फोनवर म्हणाली, "आई, मामी दोन दिवस बोलल्या नाहीत. तू लवकर पाठव." म्हणजे तिकडेही एक बाई गप्प बसली होती.

त्या पंचविसासाठी मग आमच्या खोलीत नखांचं दुकान सुरू झालं. शेजारीण शुक्रवारी बायकांना घरी बोलवायला लागली, त्यांची नखं करायची आणि मिळतील ते पैसे थोरलीकडे द्यायची. थोरली माझ्याकडे द्यायची. दोन दिनार, तीन दिनार. बायका बसायच्या माझ्या खाटेवर, कारण तिच्या खाटेवर सामान. माझ्या चादरीवर लाल डाग पडले, उशीला नेलपॉलिशचा वास बसला, सुट्टीच्या दिवशी मला पडायला जागा नाही. मी स्वयंपाकघरात स्टुलावर बसायची आणि मोजत नव्हते असं म्हणवत नाही. एक शुक्रवार कुणीच आलं नाही तर मलाच काळजी लागली. मग मी वहिनींना सांगितलं, तुम्ही नखं करायला जाता ना सीफला, तिथे एवढे पैसे घालवण्यापेक्षा आमच्याकडे या. वहिनी आल्या, माझ्याच खाटेवर बसल्या, आणि मी त्यांना चहा केला.

सप्टेंबरात खोका निघाला. आता तो चौघींनी बसून दाबला तरी बंद होईना. थोरलीने खुणेने बोलावलं, मीही जाऊन एका कोपऱ्यावर बसले. टेप लावून झाल्यावर गडी आले आणि घेऊन गेले. खोलीत एकदम जागा झाली आणि संध्याकाळी त्याच जागेवर त्यांनी नाताळचं झाड उभं केलं. सप्टेंबरात. बाहेर एवढा उकाडा की जिन्यात उभं राहवत नाही, आणि आत दिवे लुकलुकताहेत. त्यांचा नाताळ म्हणे तेव्हापासूनच सुरू होतो.

त्याच आठवड्यात शेजारणीच्या शेवटच्या गिऱ्हाइकाने तीन दिनार दिले. थोरली कामावर होती. शेजारीण नोटा हातात धरून दारात उभी राहिली. बाहेर बघितलं, जिना बघितला, थोरली येते का ते पाहिलं. ती दहापर्यंत येणार नव्हती. मग ती आली आणि नोटा माझ्या मांडीवर ठेवल्या.

"आते, खलास?"

"खलास," मी म्हणाले. पंचविसातले हे शेवटचे तीन होते. दुसऱ्या दिवशी दुपारी मी माहूजच्या एक्स्चेंजमध्ये जाऊन पंचवीसचे पंचवीस दिनार भावाच्या नावाने पाठवले, आणि संध्याकाळी त्याचा फोन आला की पोचले.